चांदणीपुढची रिकामी जागा

१

ज्याच्याकडे चाव्या असतात त्याच्या कमरेला जुडगा असतो, असं आपण धरून चालतो. अण्णांच्या कमरेला साधा पट्टाही नव्हता, आणि तरी काचेच्या त्या कारखान्यातलं एकही दार त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय उघडत नसे. भट्टीचं दार, साच्यांचं दार, बाटल्या निवत ठेवायच्या लांब हॉलचं दार, तपासणीचं, गोदामाचं, सगळी कार्ड टेकवलं की उघडत. कुणाच्या कार्डाने कुठलं उघडायचं ते संगणकातल्या गटांवर ठरे. भट्टीच्या गटात नाव असेल तर भट्टीचं दार उघडेल. नसेल तर दारावरच्या लाल दिव्याकडे बघत बसा.

सकाळी आलं की अण्णा चहाचा पेला डाव्या हाताला ठेवत, पडद्यावर काळी खिडकी उघडत आणि एका बोटाने सावकाश लिहीत, नेट ग्रुप, मग तिरकी रेघ, मग डोमेन. एवढ्या हुकमावर आतल्या खोलीतलं मोठं यंत्र कारखान्यातले सगळे गट सांगून टाके, एकाखाली एक, प्रत्येकाच्या आधी एक चांदणी. मग अण्णा एकेका गटाचं नाव घेऊन विचारत, तुझ्यात कोण कोण आहे? यंत्र माणसांची नावं सांगे. अण्णा ती ओठातल्या ओठात म्हणत. घरात सगळे आले की नाही हे बघूनच जी बाई दाराला कडी घालते, तिच्यासारखं ते काम होतं. आणि त्यांना ते फार आवडे. यंत्राला विचारावं, ते सरळ सांगतं. माणसासारखं आधी विषय बदलत नाही.

नावंही हाकेची होती. पहिल्या मालकांनी म्हणे सांगून ठेवलं होतं, कागदावरचं नाव कागदाला लखलाभ, इथे ज्या हाकेला माणूस वळतो तेच नाव. म्हणून भट्टीवरचा म्हातारा कारागीर संगणकातही ‘उस्ताद’. अण्णांची बायको बाटल्या तपासायला बसे, तिला सगळे वहिनी म्हणत, ती तिथेही ‘वहिनी’. आणि समोरच्या टेबलावर बसणारा तिचा भाऊ, अण्णांचा मेव्हणा, तो सगळ्या कारखान्याचाच ‘मेव्हणा’ झाला होता.

गटात फेरबदल करायचा तर वरचं एक खातं होतं, आणि चावीवाल्यांच्या गटात निदान एक नाव असेल तोवरच ते चाले. त्याचा परवलीचा शब्द दोन तुकड्यांत वाटलेला. पहिला तुकडा अण्णांच्या डोक्यात, दुसरा मेव्हण्याच्या. एकाने टंकताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, अशी रीत.

“दाजी,” मेव्हणा म्हणे, “या भिंतीशी आता माझं लग्न लावून द्या. इतकी ओळख तर माझी बायकोशीही नाही.”

“भिंत नकार देईल,” अण्णा म्हणत.

दोघा चावीवाल्यांच्या स्वतःच्या नावांना मात्र वरच्या खात्यातूनही हात लावता येत नसे. ज्याचं नाव त्यानेच, आपल्या खुर्चीत बसून, आपल्या हाताने हलवायचं. तो नियम अण्णांनीच घातला होता. आपल्या ताटात आपणच वाढून घ्यावं, म्हणजे कुणी मीठ कालवत नाही.

त्या आठवड्यात अण्णा खुशीत होते. त्यांची एकुलती एक लेक, बारकी, सोमवारपासून नक्षी विभागात कामाला लागणार होती. बाटल्यांवरची वेलबुट्टी काढायला. अण्णांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, “तिचं खातं कुणी करायचं नाही. ते मी माझ्या हाताने करणार.”

२

गुरुवारी सकाळी गटांची नावं संपली आणि खाली एक चांदणी उरली. तिच्यापुढे काहीच नव्हतं.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. शर्टाच्या बाहीने पडदा पुसला.

“काय झालं दाजी? माशी बसली?”

“माशी असती तर पान सरकवल्यावर जागच्या जागी राहिली असती. ही पानाबरोबर सरकते.”

“मग नवीन जातीची असेल.”

अण्णा हसले. जुनं यंत्र आहे, कुठेतरी काही तुटून पडलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकी बंद केली, उघडली, पुन्हा विचारलं. चांदणी होती. गट आहे म्हणजे त्याला विचारता आलं पाहिजे, पण ज्याला नावच नाही त्याला हाक कशी मारणार? बराच वेळ विचार करून त्यांनी दोन अवतरणचिन्हं टंकली आणि मधे एक मोकळी जागा सोडली.

यंत्र एरवी लगेच बोले. आज आतल्या खोलीतला पंखा घुमला, थांबला, पुन्हा घुमला. मग नावं आली. पहिलं उस्ताद. खाली गोदामातले दोघे-तिघे, साच्यावरची एक बाई. शेवटचं मेव्हणा.

अण्णांनी मान वर केली. मेव्हणा समोर भिंतीकडे तोंड करून बसला होता. कुणी काही टंकत नव्हतं, तरी.

“अरे, हा गट तू केलास का?”

“कुठला?” तो वळला. चेहरा नेहमीचाच, गालावर दाढी करताना कापल्याची खूण. “आणि एकट्याने कसा करणार? अर्धी चावी तुमच्याकडे ना?”

हेही खरंच होतं. अण्णांनी चहा उचलला. तो कधीच गार झाला होता.

३

माणसालाच विचारलेलं बरं, म्हणून अण्णा भट्टीवर गेले. उस्ताद म्हणजे तोंडाचा फटकळ माणूस. कुणी दिसलं की आधी शिवी घालणार, मग विडी मागणार. पण भट्टीपुढे दुसराच कुणी नळी फुंकत होता.

“उस्ताद कुठायत?”

“खाली.”

“खाली कुठे?”

त्या माणसाने नळी तोंडातून काढली आणि अण्णांकडे असं पाहिलं, जसं कुणी त्याला विचारलं होतं की तुझं नाक कुठे असतं. “खाली म्हणजे खाली, अण्णा. तुम्ही पण ना.”

कारखान्याला तळघर नव्हतं. असतं तर त्याला दार असतं, आणि दार असतं तर ते अण्णांना माहीत असतं.

परत येताना ते निवायच्या हॉलमधून आले. तिथे ताज्या बाटल्या रांगांनी उभ्या असतात आणि थंड होता होता आपोआप वाजतात. इथे टिंग, तिथे टिंग. अण्णांना तो आवाज अंगाईसारखा वाटे. आज हॉलच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की टोकाकडच्या बाटल्या गप्प आहेत. तिथली भिंत कोरी होती. तिच्यावर, खांद्याच्या उंचीला, कार्ड टेकवायची पेटी.

इतकी वर्षं मी रोज इथून जातो, अण्णांच्या मनात आलं, आणि ही पेटी मला दिसली नाही? की होतीच, आणि भिंतीवरच्या पेट्या बघायची डोळ्यांना सवय झाल्यामुळे ही दिसूनही दिसली नाही? दुसरं म्हणणं शहाणपणाचं होतं. त्यांनी तेच धरलं आणि आपलं कार्ड टेकवलं. लाल. त्यांच्या कार्डाला लाल दिवा त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

भिंतीच्या तळाशी एक फट होती. तिच्यातून कोमट वारा पायांवर आला. मग थांबला. मग आत गेला. पुष्कळ माणसांनी एकाच वेळी श्वास घ्यावा आणि एकाच वेळी सोडावा, तसा.

टेबलाशी येऊन त्यांनी उस्तादाचं खातं विचारलं. खातं चालू. शेवटची हजेरी आज सकाळची. भट्टी, गोदाम, साचे, ज्या ज्या गटांत तो होता ते सगळे गेलेले. एक चांदणी, आणि पुढे मोकळं. मग नाव नसलेल्या गटाला पुन्हा विचारलं. मेव्हण्याच्या खाली एक नाव वाढलं होतं. वहिनी.

४

संध्याकाळी अण्णांची बायको भाजी निवडत होती आणि बारकी जमिनीवर कागद पसरून वेली काढत होती. बारकी म्हणायचं एवढंच, उंचीने ती बापाच्या वर गेली होती.

“आज तपासणीत किती निघाल्या?” अण्णांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“निघाल्या चार-दोन.”

“दिवसभर वरच होतीस?”

“मग काय छपरावर बसणार होते?” ती हसली. “काय हो, आज पोलिसासारखं विचारताय?”

बारकीही हसली. अण्णाही हसले. घर होतं तसंच होतं. नळ ठिबकत होता, खिडकीचा एक गज नेहमीसारखा वाकडा होता.

“बघू तो चष्मा,” बायको म्हणाली. “किती घाण करून ठेवता.”

हे तिचं रोजचं. तपासणीत बाटलीवर हाऽ करायची तिला सवय. वाफ धरली की बारीकशी चीरही दिसते, आणि तिच्या नजरेतून चीर सुटत नसे. तिने चष्मा तोंडापाशी धरला आणि हाऽ केलं. मग पदराने पुसला.

अण्णांना चष्म्याशिवाय दूरचं दिसत नाही, पण हातभर अंतरावरचं चांगलं दिसतं. काचेवर वाफ धरलीच नव्हती. तिने दुसऱ्या काचेवर हाऽ केलं. ती काच तशीच लख्ख. आणि ती मात्र पुसत होती, मन लावून, नसलेली वाफ.

“घ्या,” ती म्हणाली. “आता स्वच्छ दिसेल.”

हवा कोरडी असेल, अण्णा म्हणाले मनात. ते उठून आरशापाशी गेले आणि स्वतः हाऽ केलं. आरसा धुरकटला.

५

शुक्रवारी त्या यादीत शेवटचं नाव बारकीचं होतं.

तिचं खातं अजून अण्णांनी केलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, नेट युजर, बारकी. यंत्राने तिची सगळी माहिती पुढे टाकली. खातं चालू. गट एकच, चांदणी आणि मोकळी जागा. ते खातं वरच्या खात्यातून झालं होतं, म्हणजे दोन्ही तुकडे लागले होते.

त्या दिवशी अण्णांनी आपला तुकडा बदलला. कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिला नाही. शनिवारी पाहिलं तर वरचं खातं पुन्हा उघडलं गेलेलं, आणि गटात आणखी एक गोदामवाला. मेव्हण्याने त्याचा तुकडा विकला असेल, दान केला असेल, त्याचा तो जाणे. पण माझा? माझा तर माझ्या कवटीत आहे. ते मनातल्या मनात एकेक फट तपासत बसले आणि एकही सापडेना.

रविवारी दुपारी बायको शेजारी गेली होती. अण्णांनी बारकीला जवळ बसवलं.

“तू उद्या येऊ नकोस कामाला.”

“का? मामाने कार्डसुद्धा आणून दिलंय मला.” तिने दाखवलं. “बाबा, तुम्हाला बरं नाहीये का? झोप लागत नाही का?”

“झोपेचं काय?”

“तुम्ही झोपेत बोलता ना.” ती वेलीचं पान रंगवत म्हणाली. “आई उशाशी बसते. विचारते, ‘अहो, सांगा ना, आजचा काय?’ आणि तुम्ही सांगता. लहान मुलासारखं, अक्षर न अक्षर. मला वाटायचं तुमची दोघांची काही गंमत आहे.”

चोर घरात शिरला म्हणून माणूस ओरडू तरी शकतो. पण इथे घरानेच, जवळ घेऊन, थोपटत, मायेने विचारलं होतं, आणि त्यांनी ओ दिली होती. किती रात्री? जेवणात उजव्या हाताला तूप वाढणारी ती बाई, तिचा हात कपाळावर असतानाच ना?

बायको आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “चहा टाकू?”

“टाक,” अण्णा म्हणाले.

६

सोमवारी बारकी त्यांच्याबरोबर आलीच. तिला नक्षी विभागात बसवून अण्णा तडक मेव्हण्यापुढे उभे राहिले.

“तिचं नाव काढ.”

त्याने कुठलं, कोणाचं, असं काही केलं नाही. उलट मोकळा श्वास टाकल्यासारखा म्हणाला, “नुसतं काढता येत नाही, दाजी. जागा रिकामी चालत नाही तिथे. आधी कुणीतरी बसलं पाहिजे, मग कुणी उठेल.”

“कुणी सांगितलं तुला?”

“खाली सांगतात.”

“खाली कोण आहे?”

मेव्हण्याने तोंड उघडलं आणि तसाच थांबला. स्वतःच्या घरात कोण राहतं असं विचारल्यावर माणूस चक्रावेल, तसा तो चक्रावला होता. मग हळूच म्हणाला, “भिण्यासारखं काही नाही हो. ताई पण आहेच ना.”

“तुझ्या ताईने मला विकलं रे.”

“असं नका म्हणू. ती तर तुमच्यासाठी किती...”

अण्णांना एकदम थकल्यासारखं झालं. हाच माणूस त्यांच्या लग्नात चपला राखत दाराशी झोपून गेला होता. त्याला त्यांनीच या खुर्चीवर बसवलं, टंकायला शिकवलं.

“माझं नाव घाल,” ते म्हणाले. “माझं घाल आणि तिचं काढ.”

“मी कसं घालणार? तुमचं तुम्हीच घालायचं. नियम तुमचाच.” आणि अण्णांच्या टेबलाशी येऊन, आपला तुकडा टंकून तो बाजूला झाला. “घ्या. मी भिंतीकडे बघतो.”

अण्णा आपल्या खुर्चीत बसले. विचार केला नाही असं नाही. केला. उस्तादाचा केला, कोरड्या काचेचा केला. पण पडद्यावर बारकी हे नाव होतं आणि ते तिथे नको होतं, यापलीकडे त्यांच्या विचाराला जागा नव्हती. त्यांनी आपला तुकडा टंकला. मग एका बोटाने, नेट ग्रुप, दोन अवतरणचिन्हं, मधे मोकळं, अण्णा, तिरकी रेघ, ॲड.

यंत्राने सांगितलं, हुकूम पार पडला.

मग लगेच दुसरा. बारकी, तिरकी रेघ, डिलीट.

पंखा घुमला, थांबला. यंत्राने सांगितलं, परवानगी नाही.

पुन्हा टंकलं. परवानगी नाही. तेव्हा अण्णांना कळलं. त्या गटात गेलं की बाकीचे सगळे गट गळून पडतात. उस्तादाची भट्टी गेली होती, मेव्हण्याचं चावीवाल्यांतलं नाव केव्हाच गेलं होतं, आता शेवटचं त्यांचंही गेलं. ज्या हाताने तिला बाहेर ओढायचं तोच हात त्यांनी आधी आत घातला होता. इतकी वर्षं याच कामात काढलेल्या माणसाने क्रम चुकवला. चुकवला नव्हे, तो तसा चुकेल हे कुणीतरी ओळखलं होतं.

नाव नसलेल्या गटाला त्यांनी एकदा विचारलं. एवढं विचारायची मुभा अजून होती. बारकी. मग शनिवारचा गोदामवाला. त्याच्या खाली अण्णा.

७

दार ढकलून बारकी आत आली. तिच्या बोटांना निळा रंग लागला होता. पडद्याकडे तिने वाकून पाहिलं, आणि लहानपणी बापाने खाऊ आणला की उजळायचा तसा तिचा चेहरा उजळला.

“केलंत?” तिने अण्णांच्या गळ्यात हात टाकले. हात थंड होते. “आई म्हणाली होती, तुम्ही महिना घ्याल. मी म्हटलं, माझं नाव दिसलं की बाबा चार दिवसांत करतील.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती चिडवत नव्हती. तिला खरोखरच अभिमान वाटत होता.

“तू...” ते म्हणाले. “झोपेचं मला तू मुद्दाम सांगितलंस?”

“नाहीतर तुम्ही बदलतच बसला असता ना शब्द. बिचारी आई किती रात्री जागणार? चला आता, वाट बघतायत.”

“मी नाही आलो तर?”

“असं काय करता, बाबा,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि त्यांचा हात धरला. मेव्हणा अजून भिंतीकडेच बघत होता. त्याचे खांदे हलत होते, रडत असेल किंवा नसेल.

निवायच्या हॉलमधून ते गेले, तेव्हा एकही बाटली वाजत नव्हती. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं आणि ते वरच्या काचांतून रांगांवर पडलं होतं. टोकाच्या भिंतीपाशी बारकीने अण्णांच्या खिशातलं त्यांचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

“तुम्ही टेकवा. तुमचं आहे.”

त्यांनी टेकवलं. हिरवा. भिंत बाजूला सरकली आणि कोमट वारा आला.

पायऱ्या होत्या, आणि खाली उजेड होता. त्या उजेडात माणसं उभी होती, खोक्यात बाटल्या ठेवतात तशी, खांद्याला खांदा लावून. उस्ताद होता, शिव्या न देणारा. पुढे बायको होती. शेजारी एका माणसापुरती जागा तिने हाताने धरून ठेवली होती, गाडीत नवऱ्यासाठी धरतात तशी. तिने वर पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, उशाशी बसून म्हणावं तितक्या हळू. “या ना.”

अण्णांना तेवढ्यात जरा धीर आला. जागा आहे, तर आहे. उभं राहू. निदान बारकीच्या जवळ राहू. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तेव्हा मागच्या रांगांतली माणसं बाजूला सरकू लागली. मग मधली. मग पुढची. बायकोनेही धरून ठेवलेल्या जागेवरचा हात काढून घेतला आणि भिंतीला चिकटली. बारकीने अण्णांचा हात सोडला. तळापासून पायऱ्यांपर्यंत सरळ, रुंद वाट मोकळी झाली, आणि अण्णांना वाटलं, ही आपल्याला खाली यायला केली.

पण कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. वर दाराला कडी घालणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि सगळ्यांची तोंडं दुसऱ्या टोकाला होती, जिथून कुणीतरी वर यायला निघालं होतं.